साहित्यात कलेची ताकद आणि कलेचा अर्थ कसा मांडला आहे? त्यासाठी काय वाचावं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'कला माणसाला कशी उन्नत करते याची उदाहरणं दिलीत तर निबंधाला उपयोग होईल.' त्या ओळीमुळे लिहायला बसले, नाहीतर पुस्तकांची यादी काय, कुणीही देईल. एम.ए.ला असताना माझे मार्गदर्शक सर जवळजवळ याच शब्दांत हेच म्हणायचे, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझ्या प्रबंधिकेचा विषय होता साहित्यातला कलावंत. प्रकरणांची नावं सरांनी आधीच ठरवून ठेवली होती: कला आणि उदात्तता, कला आणि संस्कार, कला आणि समाजप्रबोधन. मी फक्त उदाहरणं शोधून त्यात बसवायची. शोधायला लागले आणि पंचाईत झाली. ज्यांनी कलावंतांवर खरोखर चांगलं लिहिलंय त्यांच्यातला एकही जण सरांच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होईना.

फ्रेंच लेखक बाल्झाकची १८३१ सालची 'द अननोन मास्टरपीस' ही कथा घ्या. फ्रेनहोफर नावाचा म्हातारा चित्रकार दहा वर्षं एका बाईचं चित्र रंगवतोय आणि ते कुणाला दाखवत नाही. शेवटी दोन चित्रकारांना दाखवतो, तर त्यांना रंगांच्या गोंधळाशिवाय काही दिसत नाही. कोपऱ्यात तेवढं एक पाऊल शाबूत आहे, जिवंत वाटावं इतकं सुंदर. म्हातारा त्या रात्री चित्रं जाळून टाकतो आणि मरतो. सेझानसारख्या चित्रकाराला या फ्रेनहोफरमध्ये स्वतः दिसला होता. यात उन्नत कोण झालं, सांगा.

जपानी लेखक अकुतागावाची १९१८ सालची कथा 'हेल स्क्रीन' त्याहून भयंकर. चित्रकार योशिहिदेला नरकाचं चित्र काढायचंय आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला काही रंगवता येत नाही, म्हणून तो सरदाराकडे मागणी करतो की माझ्यासमोर एक रथ जाळा, आत एक बाई असू दे. सरदार रथ पेटवतो. आत योशिहिदेचीच मुलगी. बाप आधी किंचाळल्यासारखा पुढे धावतो, मग जागच्या जागी थांबतो, आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावर एक तेज चढतं. चित्र पुरं होतं, अप्रतिम होतं, आणि तो गळफास घेतो. ही गोष्ट सांगतो कोण, तर सरदाराचा नोकर. तो पानोपानी मालकाची तरफदारी करत राहतो, आणि मालकानं काय केलं ते आपल्याला त्या तरफदारीतूनच कळतं.

मी हे सगळं प्रबंधिकेत घातलं. अमेरिकन लेखक पो यांची एक छोटी कथा पण घातली, 'द ओव्हल पोर्ट्रेट'. त्यात चित्रकार बायकोचं चित्र काढता काढता इतका रंगून जातो की समोर बसलेली बायको मेलीय हे चित्र संपल्यावर त्याला कळतं. बाजूला एक टीप लिहिली की या सगळ्या गोष्टींत कलेची किंमत फेडायला बायकाच का लागतात. सरांनी लाल शाईनं शेरा मारला: 'दृष्टिकोन नकारात्मक. विषयांतर.' त्या टिपेवर तर नुसती फुली.

तोंडी परीक्षेत मी होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या आठव्या सर्गावर बोलले. प्रसंग असा. ट्रॉय शहर जिंकून घरी निघालेला ओडिसियस परक्या राजाच्या दरबारात पाहुणा आहे, त्यानं नाव सांगितलेलं नाही. डेमोडोकस हा आंधळा गायक ट्रॉयच्या लढाईतला एक प्रसंग गातो. दरबार खूष, आणखी गा म्हणतोय. ओडिसियस मात्र अंगावरचं वस्त्र डोक्यावरून ओढून घेतो आणि रडतो. नंतर तो स्वतःच फर्माईश करतो की लाकडी घोड्याचं गाणं म्हण. म्हणजे ज्या डावानं त्यानं शहर पाडलं त्याचं, स्वतःच्या पराक्रमाचं. ते ऐकून पुन्हा रडतो, आणि इथं होमर जी उपमा देतो तिच्यावरून मी आजही कुणाशीही भांडेन. तो म्हणतो, शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहाला मिठी मारून बाई रडते आणि मागून शत्रू भाले टोचून तिला गुलामीत ओढून नेतात, तसा ओडिसियस रडत होता. नीट बघा. हा जिंकलेला आहे. अशा बायका यानंच केल्या. त्यानं मिळवलेला विजय गाण्यातून त्याच्याकडे परत येतो तेव्हा तो हरलेल्या बाईसारखा रडतो.

मी म्हटलं, कलेची ताकद साहित्यानं दाखवलीय ती इथं. गाणं एक, दरबार एक. सगळ्यांची करमणूक होतेय आणि ज्याचं आयुष्य त्या गाण्यात आहे तो एकटाच फाटतोय. गायकाला तर दिसतच नाही की समोर कोण बसलंय. सर म्हणाले, 'हे रडणं झालं. आपला विषय कला आहे.' बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, 'मग बाकीचे का रडत नाहीत?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात सर म्हणाले वेळ संपली, पुढच्या विद्यार्थ्याला बोलवा. गुण किती पडले ते सांगत बसत नाही. पास झाले.

त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर असं की बाकीचे रडत नाहीत कारण त्यांना ती कला वाटते. यजमान राजा अल्किनूस तेवढा शेजारी बसलेला असतो. तो रडणं पाहतो आणि गाणं थांबवायला सांगतो, कारण ते सगळ्यांना सुखाचं होत नाहीये. मग तो पाहुण्याला विचारतो की तू आहेस तरी कोण. पुढचे चार सर्ग ओडिसियस स्वतःची कहाणी सांगतो. त्या रडण्यावाचून ती बाहेरच आली नसती.

हे फक्त ग्रीकांचं आहे असं सरांना वाटायचं. (एकदा ते मला 'आपल्याकडचं बघा जरा' असंही म्हणाले होते.) बघितलं. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवतो. सीता गरोदर आहे, तिचं मन रमावं हा हेतू. चित्रातली शूर्पणखा पाहून ती दचकते, तेव्हा राम समजूत घालतो की अगं, हे चित्र आहे. थोड्याच वेळात जनस्थानाचं चित्र येतं आणि समजूत घालणाऱ्या रामाचेच डोळे भरतात. चित्रं पाहून सीतेला पुन्हा त्या वनात जावंसं वाटतं, गंगेत उतरावंसं वाटतं. मग लोकापवादाची बातमी येते आणि तिची तीच इच्छा तिला वनात सोडून यायचं निमित्त ठरते. मन रमवायला आणलेल्या चित्रांनी काय केलं ते पाहिलंत? सातव्या अंकात वाल्मीकीनं रचलेलं नाटक रामापुढे होतं, अप्सरा कामं करतात, आणि आता लक्ष्मणाला आठवण करून द्यावी लागते की हे नाटक आहे. राम तरी मूर्च्छित पडतो.

कालिदासाच्या 'शाकुंतला'तही सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेच्या चित्रातल्या भुंग्याला दटावत असतो. विदूषक म्हणतो, महाराज, हे चित्र आहे. राजा चिडतो, कारण ती त्याला साक्षात दिसत होती आणि या शहाण्यानं आठवण करून देऊन तिचं पुन्हा चित्र केलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. कलेवरचं साहित्य वाचताना कलावंताकडे बघूच नका. तो स्वतःबद्दल काय वाटेल ते बोलतो. समोर बसलेल्याकडे बघा, लेखकानं खरं काय ते तिथं ठेवलेलं असतं. काफ्कानं तर कलावंताची पार वाट लावली. 'जोसेफिन' ही त्याची १९२४ सालची शेवटची कथा. उंदरांच्या जमातीत एक गायिका आहे. ती गाते की सगळे उंदीर करतात तसलीच नुसती शीळ घालते, हे निवेदकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. तरी ती उभी राहिली की जीव मुठीत धरून जगणारे ते सगळे जमतात आणि गप्प होतात. त्या गप्प होण्यातच काहीतरी आहे. ही कथा लिहिणाऱ्या काफ्काचा आवाज तेव्हा घशाच्या क्षयानं जात चालला होता.

आणि कला उन्नत करते म्हणणाऱ्यांपेक्षा तिची ताकद जास्त ओळखली ती तिला घाबरणाऱ्यांनी. प्लेटोनं आदर्श राज्यातून कवींना घालवलं. निरुपद्रवी माणसाला कोण हद्दपार करतं? टॉलस्टॉयनं १८८९च्या 'क्रॉयत्झर सोनाटा' या कथेत एका नवऱ्याला संगीताच्या भीतीनं पछाडलेलं दाखवलं. पुढे 'व्हॉट इज आर्ट?' या कलेवरच्या पुस्तकात बेथोव्हेनची नववी सिंफनी बाद केली आणि दोन कथा सोडून स्वतःचं ललित लेखनही वाईट कलेत टाकलं. पटत नाही, पण हा माणूस कलेला विस्तवासारखा हाताळतो. सर तिला शोभेच्या कपाटात ठेवायचे.

मराठीत 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या फडके-खांडेकर वादावर तुम्हाला हमखास एक परिच्छेद लिहायला सांगतील. लिहा आणि पुढे चला. त्यापेक्षा 'नटसम्राट' (१९७०) वाचा, पाठ असला तरी. रंगभूमी गाजवलेल्या माणसाचे शब्द स्वतःच्या मुलांपुढे लुळे पडतात. सरांच्या मते हे नाटक 'कलेचा विजय' होतं. कुठल्या अंकात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता थोडं सरांच्या बाजूनंही लिहिते, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. कला वाचवते अशा गोष्टी आहेत. 'अरेबियन नाइट्स'मधली शहरजाद, सकाळी राजा मारणार म्हणून, रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवून सकाळ गाठते. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातल्या फिलोमेलावर अत्याचार करून तिची जीभ कापली जाते, तर ती झालेला अत्याचार कापडात विणून बहिणीकडे पाठवते, आणि बहिणीला ते वाचता येतं. (पुढे दोघी जो सूड घेतात तो उन्नत वगैरे नाही, पण असो.) शिवाय अकुतागावा, काफ्का, होमर हे सगळं मी भाषांतरातून वाचलंय, त्यामुळे शैलीबद्दल माझ्या मताला फार किंमत देऊ नका. आणि तुमच्या निबंधाचे गुण सरांसारख्याच कुणाच्या हातात असतील, तर माझं ऐकून तुमचं नुकसानही होऊ शकतं. दोन ओळी उदात्ततेवर टाकून ठेवा, उरलेल्या जागेत खरं लिहा.

वाचायची सुरुवात 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकापासून करा, मग ओडिसीचा आठवा सर्ग, मग 'हेल स्क्रीन'. ती रात्री वाचू नका. 'जोसेफिन' सगळ्यात शेवटी ठेवा. आधी वाचलीत तर बाकीच्या प्रत्येक कलावंताकडे संशयानं बघत बसाल आणि निबंध काही वेळेत पुरा होणार नाही.