ऑर म्हणजे ‘किंवा’, ‘की’, का ‘नाहीतर’?

प्रश्न असा आलाय: आठवीतल्या भाचीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतोय. अँड, ऑर, नॉट हे तीन शब्द मराठीत कसे समजावावेत? ऑरला ‘किंवा’ म्हणावं की ‘अथवा’? आणि अँड म्हणजे ‘आणि’ असं सांगूनही ती नेमकी उलटी अट का लिहिते?

पहिलं लगेच संपतं. ‘किंवा’ आणि ‘अथवा’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘किंवा’ तोंडातलं, ‘अथवा’ अर्जातलं. दोन्हींच्या पोटात संस्कृत ‘वा’च आहे. भाचीला ‘किंवा’ सांगा.

पण तुमचा प्रश्न पुन्हा वाचा. त्या दोन शब्दांच्या मध्ये तुम्ही ना ‘किंवा’ घातलंत, ना ‘अथवा’. घातलंत ‘की’. ‘डब्यात पोहे किंवा उपमा आहे का?’ याला ‘हो’ हे सरळ उत्तर झालं, दोन्ही असले तरी ‘हो’च. ‘डब्यात पोहे आहेत की उपमा?’ याला नुसतं ‘हो’ म्हणून बघा, घरचे तुमच्याकडे कसे बघतात ते कळेल. ‘की’ निवड मागतो. ‘किंवा…का’ खरं-खोटं मागतो, आणि ऑर तेच मागतो.

लॅटिनमध्येही अशीच एक जोडी होती. ‘आउत’ म्हणजे दोनातलं एकच. ‘वेल’ म्हणजे कुठलंही, दोन्ही असली तरी हरकत नाही. तर्कशास्त्रातलं ‘किंवा’चं ∨ हे चिन्ह या ‘वेल’च्या आद्याक्षरावरून आलं. (‘वेल’ आणि आपला ‘वा’ भाऊभाऊ वाटतात, पण ‘वेल’ हा ‘इच्छिणे’ अर्थाच्या क्रियापदातून आलाय. ‘वा’चा खरा भाऊ म्हणजे लॅटिनमध्ये शब्दाला मागून चिकटणारा ‘वे’.) गंमत म्हणजे ज्याच्या नावानं हे सगळं खरं-खोट्याचं बीजगणित ओळखलं जातं त्या जॉर्ज बूलनं १८५४च्या ग्रंथात ‘किंवा’साठी घेतलेलं बेरजेचं चिन्ह एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांपुरतंच ठेवलं होतं. दोन्ही चालतील अशी ढिलाई नंतर जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञानं दिली.

आता ‘आणि’. खरी मेख इथे आहे, आणि यात भाचीचा दोष कमी, मराठीचा जास्त. खाली अटी चिन्हांनी लिहितो: && म्हणजे अँड, || म्हणजे ऑर, ! म्हणजे नॉट. पायथनमध्ये या तिघांच्या जागी शब्द लिहायचे, एवढा बदल करून वाचा. ‘वार’ हे नाव मात्र देवनागरीत लिहिलेलं पायथन ३ला चालतं. आणि == म्हणजे ‘दोन्हीकडचं सारखं आहे का?’

मी शिकत होतो तेव्हा गल्लीतल्या वाचनालयासाठी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. दारावर पाटी होती, ‘सोमवारी आणि गुरुवारी बंद’. मी इमानदारीत लिहिलं:

वार == "सोमवार" && वार == "गुरुवार"

वाचनालय कधीच बंद होईना. होणार कसं? एकाच दिवशी सोमवार आणि गुरुवार दोन्ही असायला हवेत ना! पाटी बंद दिवसांची यादी सांगते, म्हणून तिथे ‘आणि’ बरोबर आहे. अट एकेका दिवसाला उभं करून विचारते, ‘तू या यादीतला आहेस का?’ तिथे || हवा. मग मी सुधारणा केली:

वार == "सोमवार" || "गुरुवार"

आता वाचनालय रोजच बंद. बोलताना ‘आज सोमवार किंवा गुरुवार असेल तर’ म्हटलं की ‘आज’ आणि ‘असेल’ दोन्हीकडे आपोआप लागू होतात. पायथनला हा अध्याहार कळत नाही. "गुरुवार" हा नुसता शब्द त्याला रिकामा नसलेला मजकूर दिसतो, आणि रिकामा नसलेला मजकूर त्याच्या लेखी खरा. ‘वार’ दोन्ही बाजूंना लिहावाच लागतो. भाचीची वही उघडून बघा, या दोन चुकांपैकी एक तरी सापडेल.

नकाराची तऱ्हा आणखी न्यारी. चातुर्मासात आजी म्हणते, ‘मी कांदा आणि लसूण खात नाही.’ जसंच्या तसं उतरवलं तर !(कांदा && लसूण). या अटीत नुसत्या कांद्याची भजी खुशाल पास होतात, कारण ‘दोन्ही’ नाहीत. आजीला म्हणायचंय !कांदा && !लसूण, किंवा तेच दुसऱ्या तऱ्हेनं, !(कांदा || लसूण). नकार कंसात शिरला की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो आणि ‘किंवा’चा ‘आणि’. हा नियम ज्याच्या नावावर आहे तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. मराठीला मात्र या नियमाची पर्वा नाही. ‘कांदा आणि लसूण खात नाही’ आणि ‘कांदा किंवा लसूण खात नाही’, दोन्हींचा अर्थ आपण एकच घेतो. ‘सगळे आले नाहीत’ हे तर त्याहून अवघड: कोणीच आलं नाही, की काही जण आले?

नॉटसाठी ‘नाही’पेक्षा मला ‘नव्हे’ आवडतो. ‘सोमवार नाही’ म्हटलं तर सोमवार गेला कुठे असं वाटतं. ‘सोमवार नव्हे’ म्हटलं की अट ऐकू येते.

तुमच्या प्रश्नात नाही, तरी सांगतो. ऑरचा आणखी एक स्वभाव आहे, तो ‘किंवा’त उतरत नाही. डावीकडचं खरं निघालं की कॉम्प्युटर उजवीकडे बघतच नाही. नाव || "पाहुणे" असं लिहिलं तर नाव असेल तेव्हा नाव येतं, रिकामं असेल तेव्हा ‘पाहुणे’. हा शुद्ध ‘नाहीतर’ आहे: ‘राजूला पाठव, नाहीतर तू ये.’ राजू आला तर तुझं काम नाही. ज्ञानेश्वरीत उपमेमागून उपमा येताना ‘किंवा’ या अर्थी जो ‘नातरी’ येतो, त्याच्या अंगातही हा नकार बसलेलाच आहे. अडचण एवढीच की पुढच्या धड्यात एल्स (अट खोटी निघाली तर काय करायचं ते सांगणारा शब्द) आला की त्यालाही ‘नाहीतर’च म्हणावं लागतं. म्हणून मी शिकवताना ऑरचं नाव ‘किंवा’ ठेवतो आणि वागणूक ‘नाहीतर’नं समजावतो. अँडही तसाच, डावीकडचं खोटं निघालं की तिथेच थांबतो. ‘आणि’ला मात्र हा क्रम परका नाही. ‘दार उघडलं आणि आत गेलो’ यात दार आधीच उघडावं लागतं.

व्याकरणाच्या तासाचा इथे चांगला उपयोग होतो. आठवीतल्या मुलीला द्वंद्व समास ओळखीचा असेल, नसेल तर दोन मिनिटांत सांगता येतो. ‘आईबाप’ इतरेतर द्वंद्व, विग्रहात ‘आणि’. ‘पासनापास’ वैकल्पिक द्वंद्व, विग्रहात ‘किंवा’. आणि वैकल्पिकचं ठरलेलं उदाहरण कुठलं? ‘खरेखोटे’. बूलियन व्हेरिएबलला, म्हणजे ज्यात फक्त खरं किंवा खोटं ठेवतात त्या नावाला, याहून चांगलं मराठी नाव मला अजून सापडलेलं नाही. फक्त ती ‘पण’ला चिन्ह कुठलं असं विचारेल, त्याची तयारी ठेवा. व्याकरणात ‘पण’ न्यूनत्वबोधक, ‘आणि’ समुच्चयबोधक, असे वेगळे वर्ग आहेत. कोडमध्ये मात्र ‘पाऊस आहे पण छत्री नाही’ म्हणजे पाऊस && !छत्री. दोघांना एकच चिन्ह.

अट मोठ्यानं वाचायची झाली तर तिला && ‘दोन्ही’, || ‘एक तरी’ आणि ! ‘नव्हे’ असं वाचू द्या. कांद्याचा आणि सोमवारचा बराच घोळ तिथेच दिसून येतो.

आणि कंस. ‘भात आणि आमटी किंवा पिठलं’ म्हटलं की आई भात वाढते आणि वर दोनातलं एक. कॉम्प्युटर && आधी सोडवतो, म्हणून त्याच्या लेखी भात-आमटी हा एक बेत आणि नुसतं पिठलं हा दुसरा. आईचा बेत हवा असेल तर लिहायचं भात && (आमटी || पिठलं).