वाचकांचे प्रश्न : फायबरचं बॉनेट फुटलं, नवं मिळत नाही

प्रश्न : माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म ही दोन सीटची गाडी आहे. रात्री मोर्शीहून येताना रोही (नीलगाय) आडवा आला. बॉनेटचा डावा कोपरा पंजाएवढा उडाला आणि तिथून मागे हातभर तडा गेला. उडालेले तुकडे मी गोळा करून ठेवले आहेत. डेंटर म्हणतो, मागून टिन ठोकून वरून लांबी (पुट्टी) भरून देतो. नवं बॉनेट कुठंच मिळत नाही. काय करावं?
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : तुकडे जपले हे फार चांगलं केलं, अर्धं काम तिथंच झालं. डेंटरला मात्र थांबवा. या गाडीची बॉडी फायबरची आहे, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकात) बसवून केलेली. टिन आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत, आणि लांबीत धागा नसतो. वरून रंग छान दिसेल, पण इंजिनच्या थरथरीनं तडा त्याच रेषेवर परत उघडेल. फायबरला फायबरच जोडावं लागतं, आणि तेही खालच्या बाजूनं.

आधी नुकसान किती ते ऐकून ठरवा. एक रुपयाच्या नाण्यानं तड्याच्या दोन्ही बाजूंना टिचक्या मारत चला. चांगलं फायबर टणक वाजतं. थर सुटले असतील तिथं आवाज बद्द येतो. बद्द भाग खडूनं आखून घ्या. तो बहुतेक वेळा दिसणाऱ्या तड्यापेक्षा मोठा निघतो, आणि तेवढा सगळा घासून काढावाच लागतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा फक्त जेलकोटमध्ये (वरच्या गुळगुळीत, बिनधाग्याच्या थरात) असतील, तर त्यांचं एवढं भय नाही. जिथं तडा संपतो तिथं 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : बॉनेट काढून ओट्यावर ठेवून जोडू नका. फुटलेलं फायबर लोंबतं, आणि जसं लोंबलं तसंच कडक होतं. मग ते गाडीवर बसतच नाही. बॉनेट गाडीवर बसवून बंद करा, तुकडे जागेवर लावा, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करा. मग वरून पातळ टिनाच्या पट्ट्या छोट्या स्क्रूनं मारून तडा धरून ठेवा. टिनाचा उपयोग इथं, तोही तात्पुरता. पट्ट्यांच्या खालच्या अंगाला पॅकिंगची चिकटपट्टी लावा, तिला रेझिन धरत नाही. सगळं पक्कं झालं की मगच बॉनेट काढून उलटं करा.

खालून तड्याच्या दोन्ही बाजूंना 4-5 सेंमी रुंदीत 40 नंबरच्या सँडपेपरनं उतार घासा. रंग, ग्रीस, ऑइल काहीही राहता कामा नये. कुणी आधी इपॉक्सी पुट्टी थापली असेल तर ती मुळापासून काढा. साध्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सी धरते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. शेवटी ॲसिटोननं पुसा.

सामान : पॉलिस्टर रेझिन 1 किलो, चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचधाग्यांची चादर, चौरस मीटरला 450 ग्रॅमची) 1 चौरस मीटर, हार्डनर, ब्रश, छोटा लोखंडी रोलर. कूलरच्या फायबर टाक्या बनवणाऱ्यांकडे हे सगळं असतं. रेझिन कोबाल्ट (गोठणं जलद करणारं द्रव्य) आधीच घातलेलंच मागा. कोबाल्ट वेगळा दिला तर तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावूनच काम करा. थेंब उडालाच तर लगेच पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

20 बाय 50 सेंमीच्या जागेला मॅटचा एक थर 45 ग्रॅम भरतो. तीन थर म्हणजे 135 ग्रॅम, आणि त्याला अडीच पट म्हणजे साधारण 340 ग्रॅम रेझिन. हे सगळं एकदम कालवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इथंच घोटाळा होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन साधारण अर्ध्या वेळात गोठतं. दुपारी 43 अंशांत मगभर रेझिन कालवलं तर ब्रश अजून पहिल्याच थरावर असताना तो मग हाताला चटका देऊ लागतो आणि आतला माल दह्यासारखा धरतो. म्हणून काम पहाटे, सावलीत करा. एका वेळी 150 ग्रॅम घ्या, हार्डनर 1 टक्का म्हणजे दीड मिली, सिरिंजनं मोजून. उशिरा गोठावं म्हणून हार्डनर याहून कमी केला तर माल कधीच पुरता कडक होत नाही. ती चूक नंतर सुधारत नाही. मिश्रण उथळ ताटात पसरून ठेवा, खोल मगात ते लवकर तापतं.

पहिला थर सगळ्यात लहान, पुढचा प्रत्येक थर दोन सेंमीनं मोठा. मॅट कापू नका, हातानं फाडा, म्हणजे कड विरळ होऊन मिसळते. रोलर फिरवताना पांढरी मॅट हळूहळू काचेसारखी पारदर्शक होते. जिथं पांढरी राहिली तिथं हवा अडकली आहे, ती कडेकडे ढकलून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी टिन काढा, स्क्रूची भोकं आणि तड्याची रेघ वरून व्ही आकारात खोदून दोन पातळ थर भरा. लांबी त्यानंतर, आणि दोन मिमीपेक्षा जाड नको.

रेझिनच्या वाफेला कापडी मास्क काहीच करत नाही, कार्बन फिल्टरचा लावा. आणि जवळ विडी-सिगारेट नको.

बॉनेट पुरं झालं की रंग देण्याआधी त्याच्यावरून साचा काढून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. मेणाचे पाच-सहा हात, त्यावर पीव्हीए (साचा सुटून यावा म्हणून लावायचा पातळ लेप), मग जेलकोट, मग मॅट, जाडी बॉनेटच्या दुप्पट. पुन्हा रोही आडवा आला तर नवं बॉनेट घरीच निघेल.

प्रश्न : जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे. घराजवळच्या चिंचेवरून वानरं बॉनेटवर उड्या मारतात. मधोमध खड्डा पडला, दाबला की डबडब वाजतो. ठोकून घ्यावं की भंगारातून दुसरं आणावं?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : डबडब वाजतं म्हणजे पत्रा ताणला गेला आहे. ताणलेला पत्रा नुसता ठोकून सरळ होत नाही. तापवून आकसणारा कारागीर लागतो, तो नसेल तर दुसरं बॉनेट बरं. आतली फ्रेम वाकली असेल किंवा पुढच्या दुमडीत गंज फुगला असेल, तर मात्र विचारच करू नका, बदला.

भंगारातलं बॉनेट घेताना चुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथं तो सुटतो तिथं खाली लांबी आहे. जुनं बॉनेट सोबत न्या आणि बिजागरीची भोकं, लॉकची जागा, हेडलाइटची कड एकावर एक ठेवून बघा. नाव तेच असलं तरी मॉडेलचं साल बदललं की समोरचा आकार बदलू शकतो.

जुनं खोलण्याआधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ ओढा, नाहीतर फटी जुळवण्यात दिवस जातो. आणि दुसरा खटका, तो सुरक्षेचा, हातानं तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. चालत्या गाडीत बॉनेट उघडलं तर ते थेट काचेवर येतं.

प्रश्न : फायबरचं बॉनेट दुरुस्त करून काळा रंग दिला. महिनाभरात मॅटचे धागे रंगाखालून दिसू लागले. रंग खराब निघाला का?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : रंगाचा दोष नाही, घाई झाली. रेझिन वरून कडक दिसलं तरी आत मुरायला वेळ लागतो. काळं बॉनेट उन्हात फार तापतं, तेव्हा उरलेलं मुरणं होतं, रेझिन आकसतं आणि धागा वर उठून दिसतो. आता बॉनेट आठवडाभर उन्हात तापू द्या. मग 320 नंबरनं सपाट घासा, टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) प्रायमरचे दोन-तीन हात द्या, 800 नंबरनं पाण्यात घासा आणि पुन्हा रंगवा. पुढच्या वेळी रंगाआधी हाच आठवडा द्या. पावसाळ्यात दोन.