आबिबाकची शाळा निवडताना

तुम्ही जर्मनीत नवीन आहात, म्हणून आधीच सांगते. ‘द्विभाषिक’ ही पाटी बघून फी भरू नका. आबिटूर (बारावीसारखं जर्मन प्रमाणपत्र) आणि बाकालोरेआ (तसंच फ्रेंच प्रमाणपत्र) दोन्ही मिळणार का, हे शाळेकडून लेखी घ्या. १९९४ च्या जर्मनी-फ्रान्स करारातून आलेल्या आबिबाक या अभ्यासक्रमात दोन्ही मिळतात, पण त्यासाठी शाळेला मान्यता हवी. यात इतिहासासारखे विषयही फ्रेंचमधून असतात, खरी कसोटी तिथे. इतिहासाच्या एका तासाला मागे बसू द्या, अशी विनंती कराच. मुलं आपणहून फ्रेंचमध्ये प्रश्न विचारतात का, बघा. आमची लेक फ्रेंच भराभर बोलायची, तरी निबंधांनी तिला वर्षभर रडवलं. आधी कळलं असतं तर शिकवणी लावली असती. आणि घरी मराठीच बोला, कुणी काहीही म्हणो.