कंपनी डबघाईला आली, तरी पाय का निघत नाही?

प्रश्न : माझे मिस्टर वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत १४ वर्षं ८ महिने कायम कामगार आहेत. वर्षभरापासून पगार उशिरा होतोय. ठेकेदाराकडची पोरं कमी केली, आता कायम कामगारांची यादी निघणार म्हणतात. शेंद्र्याहून एका कंपनीनं बोलावलं होतं, तरी हे गेले नाहीत. "हिशोब तर होऊ दे," एवढंच बोलतात. इकडे घराचे हप्ते थकायला लागलेत. सगळं दिसत असून माणूस थांबतो का?
*– एक भगिनी, रांजणगाव शेणपुंजी*

उत्तर : ताई, याला हट्ट समजू नका. थांबणाऱ्या बहुतेक कामगारांनी मनात हिशोब मांडलेला असतो. त्यातला निम्मा बरोबर असतो आणि निम्मा ऐकीव. तो कागदावर आणला की भांडणं कमी होतात.

पहिलं कारण 'कायम' हा शब्द. चाळिशीनंतर नवीन नोकरी मिळते, पण पुष्कळदा ठेकेदाराच्या नावावर मिळते आणि तिथं काही महिन्यांनी ब्रेक असतो. म्हणून शेंद्र्याच्या कंपनीला एकच प्रश्न आधी विचारा : नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं देणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? मिस्टरांनी हे विचारलं असेल आणि म्हणूनच गेले नसतील, अशीही शक्यता आहे.

दुसरं कारण घरात सहसा सांगितलं जात नाही. कामगारांच्या पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जातं आणि जामीनदार असतात त्याच लाइनवरचे दोघं. नोकरी सोडली की कपात थांबते आणि वसुली जामीनदारांच्या पगारावर येते. ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला त्यांना अडचणीत टाकून जायचं, हे माणसाला जमत नाही. असं कर्ज असेल तर संस्थेला लेखी अर्ज देऊन हप्ता बँक खात्यातून वळता करून घेता येतो का, हे आधी बघा.

आता पैशाचं. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते, हा समज चुकीचा आहे. एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटचे महिने सहाच्या वर गेले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमच्याकडे १५ वर्षं झाली. मूळ आणि महागाई मिळून १८,००० असतील तर ग्रॅच्युइटी सुमारे १,५५,७६९ रुपये होते. पीएफही जात नाही. पेन्शनसाठी लागणारी १० वर्षंसुद्धा एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, ठेवून खातं पुढं ट्रान्स्फर केलं की जुनी सेवा जोडली जाते.

राजीनाम्यानं जातात ते कामगार-कपातीच्या मोबदल्याचे पैसे. कंपनीनं कामगाराला कमी केलं तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. पगार २४,००० धरला तर ढोबळमानानं १,८०,००० आणि वर २४,००० नोटीस-पगार. "राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो," असं एचआर म्हणतं ते याच दोन लाखांसाठी. मिस्टरांचं थांबणं इथवर तरी शहाणपणाचं आहे. शिवाय एकाच प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी कमी करायचा, असा नियम आहे. १५ वर्षांचा माणूस यादीत सहसा वर नसतो.

पण मोबदला द्यायला कंपनीकडं पैसे उरले पाहिजेत, आणि हिशोब इथंच फसतो. ग्रॅच्युइटीची रक्कम एलआयसीच्या ग्रुप स्कीममध्ये भरलेली आहे का, हे युनियनमार्फत लेखी विचारा. पुष्कळ लहान कंपन्यांत ती कुठंच बाजूला काढलेली नसते.

मग तीन गोष्टी तपासा. पीएफचं पासबुक उघडा. पगारातली कपात पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात नोंद नाही, असे सलग तीन महिने गेले असतील तर कंपनी तुमच्या पैशावर चाललीय. पीएफच्या तक्रार पोर्टलवर लगेच तक्रार करा. दुसरं म्हणजे डाय, ज्यात भाग घडवतात ते साचे. सुट्या भागांच्या कंपनीत डाय आणि टूल पुष्कळदा मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या मालकीची असतात. ती ट्रकमध्ये चढून दुसऱ्या व्हेंडरकडं चालली असतील तर ते काम परत येण्याची आशा धरू नका. मालकाच्या भाषणापेक्षा या ट्रकवर जास्त विश्वास ठेवा. तिसरं, कच्चा माल. पुरवठादार उधारी बंद करून रोख मागायला लागले की स्टोअरच्या माणसाला ते सगळ्यांच्या आधी कळतं.

पीएफ नियमित आहे, डाय जागेवर आहेत, फक्त पगार आठ-दहा दिवस मागंपुढं होतो, तर यादीची वाट बघायला हरकत नाही. पीएफही थकलाय आणि डायही निघाल्यात, तर ते दोन लाख कागदावरच राहायची भीती मोठी आहे. शेंद्र्याची कंपनी स्वतःच्या नावाचं पत्र देत असेल तर मिस्टरांनी जावं, हे आमचं स्पष्ट मत. राजीनाम्यात थकलेला पगार, शिल्लक रजा आणि ग्रॅच्युइटी यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात, पोच घ्यावी आणि पैसे खात्यात आल्याशिवाय 'पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला' यावर सही करू नये.

प्रश्न : जालन्यात सळई तयार करणाऱ्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. चार महिन्यांचा पगार थकलाय. सोडलं तर तो बुडेल म्हणून आम्ही दहा-बारा जण टिकून आहोत. कंपनी 'एनसीएलटी'त जाणार असं ऐकतो. काय करावं?
*– एक वाचक, जालना*

उत्तर : सोडल्यानं पगाराचा हक्क बुडत नाही. उलट थांबलात तर चाराचे सहा महिने होतात. तुम्ही कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उसनं देत आहात आणि दर महिन्याला ती रक्कम वाढवत आहात. आतापर्यंतची थकबाकी महिन्यानुसार लिहून मागणीचं पत्र आजच द्या, ईमेलनंही पाठवा आणि कामगार कार्यालयात अर्ज करा.

एनसीएलटीची, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाची भीती बाळगू नका, तारखा मात्र सांभाळा. चितेगावची व्हिडिओकॉन २०१८ मध्ये याच प्रक्रियेत गेली होती. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि दावा देण्याची मुदत त्यातच असते. न्यायाधिकरण कंपनीवर नेमतं त्या ठराव व्यावसायिकाकडं (रिझोल्युशन प्रोफेशनल) 'फॉर्म डी' भरून द्यायचा, सोबत नेमणूकपत्र, स्लिपा आणि बँकेचा उतारा. त्याला वकील लागत नाही. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरतात. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्यानंतर. कायद्यानं तुम्ही 'कामगार' की 'कर्मचारी' हे पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामावर आणि पगारावर ठरतं. म्हणून शिफ्टमध्ये रोज काय करता, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला आहे का, याचे कागद आत्ताच जमवा. मिलला कुलूप लागल्यावर ते मिळत नाहीत.

प्रश्न : दिवाळीचा बोनस घेऊनच नोकरी सोडावी का?
*– एक वाचक, बजाजनगर*

उत्तर : त्यासाठी थांबायची गरज नाही. मार्चअखेर संपलेल्या वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल आणि तुम्ही बोनसला पात्र असाल, तर जुलैत सोडलं तरी त्या वर्षाचा बोनस तुमचाच. वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर तो द्यावा लागतो. राजीनाम्यात तसा उल्लेख करा आणि बँक खातं चालू ठेवा.