नोंदणी मोजावी की शिक्षण?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील ६० विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील एका अभ्यासक्रमासाठी नावे नोंदवली; परीक्षेला मात्र ११ जणच बसले. प्रयोग फसला, असे समजावे काय?
– एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर नोंदणी विनामूल्य असून शुल्क परीक्षेसाठी आकारले जाते, त्यामुळे नुसते डोकावणारेही नोंदणीत मोजले जातात. याच्या उलट होणारी चूक अधिक फसवी असते. ते ११ जण उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले, तरी ते मुळातच होतकरू असल्यास श्रेय तंत्रज्ञानाला कसे द्यायचे? म्हणून आरंभी पूर्वचाचणी घ्यावी, वर्गात शिकणाऱ्या तुकडीलाही अखेरीस तीच प्रश्नपत्रिका द्यावी आणि पूर्वचाचणीत सारखे गुण असलेल्यांचीच तुलना करावी. चित्रफीत किती मिनिटे पाहिली, हा आकडा मला फारसा भरवशाचा वाटत नाही. ती चालू ठेवून चहाला जाता येते. गळालेल्या ४९ जणांना मात्र कारण अवश्य विचारावे, कारण अडचण इंग्रजीची, डेटाची की वेळापत्रकाची, हे गुणपत्रिकेतून कळत नाही.