वाचकांचे प्रश्न : वाफ्यासाठी आच्छादन किती मागवावे?

प्रश्न : आमच्या परसात वीस फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा असून त्यात वांगी व टोमॅटो लावले आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यावर उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला अंथरायचा आहे. विक्रेता पोत्यांच्या हिशेबाने किंवा वजनावर द्यायला तयार आहे. किती घ्यावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वजनावर मुळीच घेऊ नये, कारण ओलसर पाचटात आपण पाण्याचेच पैसे मोजतो आणि थराची जाडी वजनावरून कळत नाही. येथे हिशेब घनफुटांचाच करावा लागतो. वाफ्याचे क्षेत्रफळ 80 चौरस फूट आहे. भाजीपाल्याला तीन इंच, म्हणजे पाव फूट जाडीचा थर पुरेसा होतो. तेव्हा 80 ला 4 ने भागले की 20 घनफूट हे उत्तर मिळते. वाळू-मातीच्या व्यवहारातला एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, त्यामुळे आपली गरज ब्रासच्या पाचव्या हिश्श्याची आहे. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर मावत असल्याने वीस लिटरच्या रंगाच्या रिकाम्या डब्याने मोजल्यास साधारण 28 डबे होतात.

मात्र हा आकडा बसलेल्या थराचा आहे, आणि बहुतेकांचा अंदाज चुकतो तो नेमका येथेच. पाला आणि पाचट सैल असताना भरपूर दिसतात, पण एकदा पाणी पडले की दबतात. किती दबतात हे मालागणिक बदलते, म्हणून विक्रेत्याकडून नमुन्यादाखल एक पोते आणून पाहावे. एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यात एक डबा माल सारखा पसरला, तर थर दोन सेंटिमीटरचा होतो. त्यावर झारीने पाणी शिंपडून, फळीने हलके दाबून पुन्हा पट्टी लावावी. थर एक सेंटिमीटरवर आला, तर माल निम्म्याने बसतो असे समजून 28 ऐवजी 56 डबे धरावेत. पोती लहानमोठी असतात, त्यामुळे त्याच नमुन्याच्या पोत्यात किती डबे निघतात तेही मोजून ठेवावे. मग पोत्यांची संख्या आपोआप निघते. रोपांच्या खोडांनी व्यापलेली जागा वजा करण्याच्या भानगडीत पडू नये, ती नगण्य असते.

लाकडाचा भुसा वापरणार असाल, तर थर एक ते दीड इंचापेक्षा जाड नको, कारण बारीक भुसा घट्ट बसून वरचे पाणी खाली मुरू देत नाही. तो मातीत मिसळूही नये. कुजताना तो मातीतील नत्र ओढून घेतो. पाचट लांबलचक असेल, तर कोयत्याने वीतभर तुकडे करून घ्यावेत. वाफा आधी भरपूर भिजवूनच आच्छादन पसरावे.

प्रश्न : आंब्याच्या कलमाच्या सहा फूट व्यासाच्या गोल आळ्यासाठी हाच हिशेब चालेल का?

उत्तर : चालेल. त्रिज्या तीन फूट असल्याने क्षेत्रफळ साधारण 28 चौरस फूट येते आणि तीन इंचांच्या बसलेल्या थराला 7 घनफूट, म्हणजे दहा डबे लागतात. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी, अन्यथा ओलाव्याने साल कुजते आणि आच्छादनाच्या आडोशाने वाळवी थेट खोडावर चढते.