आरसीसीबी मधूनच पडतोय? आधी एवढं कर

भावा, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) मधूनच पडतो म्हणून तो बदलायची घाई नको. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्या करंटमधला फरक 30 मिलिअँपिअरवर पोचला की घरातला नेहमीचा आरसीसीबी पडणारच. बहुतेक वेळा तो आपलं काम चोख करत असतो.

आधी वहीत लिही: कधी पडला, काय चालू होतं, पाऊस होता का. कोल्हापूरचा जुलै म्हटल्यावर माझा पहिला संशय गच्चीवरच्या दिव्यावर आणि मोटरवर.

मग गिझर, फ्रिज, मिक्सरच्या पिना एकेक करून काढ. नवखे नुसतं बटण बंद करतात आणि फसतात, कारण बटणाने फक्त फेज तुटते, आणि न्यूट्रल अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबी पडतो. गिझर तापल्यावर पडत असेल तर एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) चिरलंय का बघायला सांग.

आरसीसीबी बायपास (तो वगळून थेट जोडणी) मात्र कधीच करू नकोस. त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबूनही तो पडत नसेल, तर आजच लायसन्सवाला वायरमन बोलव.